खिसा तेवढा सोडा

शिवणवाल्या मावशींचं अर्धं लक्ष मशीनवर होतं आणि अर्धं घड्याळावर. पाचला परगावच्या लेकीचा फोन यायचा. आठवड्यातून एकदाच बोलायला हक्काचं माणूस मिळणार, म्हणून काय काय सांगायचं याची मनात उजळणी चालली होती.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरात एकटे राहणारे म्हातारे पोस्टमन कोट घेऊन दारात उभे.

"मावशी, खालचं अस्तर फाटलंय, ते बदला. आतला खिसा तेवढा सोडा हं. त्याचं काय झालं, आमची ही..."

"हो हो, सोडते. बुधवारी या." मावशींनी मानही वर केली नाही. पोस्टमन उघडलेलं तोंड मिटून निघून गेले.

पाचला फोन आला. लेक चारदा "हं, हं" म्हणाली, मग "आई, घाईत आहे गं," म्हणून तिनं ठेवला. मावशींचं सगळं पोटातच राहिलं. तणतणत त्यांनी कोट पुढ्यात ओढला. शिवणकामात सोडणं म्हणजे उसवणं. शिवण सोडायची, कंबर सोडायची. काळ्या अस्तरावर खिशाला लाल दोरा आणि टाके उंटासारखे वाकडे! "डोळे मिटून शिवलंय की काय," असं पुटपुटत त्यांनी खिसा उसवून टाकला.

बुधवारी पोस्टमननी सवयीनं कोटाच्या आत हात घातला. हात तिथंच थांबला.

"खिसा?"

"सोडला की. तुम्हीच म्हणालात."

"सोडा म्हणजे राहू द्या, म्हटलं होतं मी." आवाज चढला नाही, हेच मावशींना जास्त लागलं. "आमच्या हिनं शिवला होता, तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यावर. त्यानंतर हातात सुई धरली नाही, आणि मग गेलीच."

"अगं बाई! थांबा, तस्साच देते शिवून. लाल दोराच घेते, टाकेही..."

"तुमचे टाके सरळच येणार, मावशी."

 चिंध्यांची पिशवी मावशींनी जमिनीवर उपडी केली. लाल दोऱ्याचे चार तुकडे सापडले, बाकीचे केरात गेले होते. ते चार त्यांनी पोस्टमनच्या तळहातावर ठेवले आणि स्टूल पुढं सरकवलं.

"बसा. मी ऐकते."

पोस्टमन बसले, पण बोलेनात. मावशींच्या ओठांवर आपल्या गेलेल्या नवऱ्याची आठवण आली, लेकीचं गाऱ्हाणंही आलं. दोन्ही त्यांनी ओठांतच ठेवली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"सुई मीच ओवून द्यायचो तिला," पोस्टमन तळहाताकडे बघत म्हणाले. "काळा दोरा दे म्हणाली. मला पेपर वाचायचा होता. हाताला लागला तो लाल दिला, आणि सांगितलं, काळाच आहे."