डोक्याकडचा दोर

माझी नात कर्स्टी लग्न होऊन ग्लासगोला गेली, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. साल २०११.

आमचं आडनाव मॅकअस्किल, ओढ्यापलीकडच्यांचं मॅकफेल. त्यांच्या पूर्वजांनी आमचे अकरा जण कोठारात कोंडून जाळले, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालो. माझ्या थोरल्या भावाने, टॉर्कलने, विशीत लाखलन मॅकफेलच्या तोंडावर फावडं हाणून चार दात पाडले. लाखलनने त्याच्या कानाचा लचका तोडला. पुढे चाळीस वर्षं गवताच्या गंज्या पेटल्या, कुत्री मेली. पण डोंगर सामायिक, म्हणून मेंढ्यांची कातरणी एकत्रच व्हायची.

त्या वर्षी टॉर्कलच्या इशबेलने बापाची थुंकी डीएनए तपासणीला पाठवली. कुळाच्या मेळाव्यात वंशावळ लावायची होती. नळीत थुंकताना टॉर्कल म्हणाला होता, "लिहून घे, अस्सल मॅकअस्किल!"

निकालाचं पाकीट नेमकं कातरणीच्या दिवशी आलं. टॉर्कलचे हात लोकरीच्या तेलाने माखलेले.

"मोठ्यानं वाच. पलीकडच्यांनाही ऐकू दे."

इशबेलने आधी मनात वाचलं. "बाबा, घरी वाचू."

"वाच म्हणतो ना!"

तिने वाचलं. बापाकडून मुलाकडे आलेलं आमचं रक्त मॅकअस्किलांशी कुठेच जुळत नव्हतं. सगळ्यांत जवळचा जुळणारा माणूस लाखलन मॅकफेल. त्याने दोन वर्षांपूर्वीच तपासणी केली होती.

मला नवल वाटलं नाही. आजी सांगायची, दुष्काळात जमीनदार मॅकअस्किल आपलं आडनाव घेणाऱ्याला ओटच्या पिठाचं पोतं द्यायचा. आमचा कुणी मॅकफेल पूर्वजही त्या पोत्यासाठीच मॅकअस्किल झाला असणार. टॉर्कलला मी हे कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

सगळे हसले. लाखलन सर्वांत जोरात.

"अरे देवा! म्हणजे माझे दात घरच्याच माणसानं पाडले! ये की रे भावा. मला पोरगा नाही. माझ्या शवपेटीचा डोक्याकडचा दोर तुझाच!"

आमच्याकडे पेटी दोरांनी खड्ड्यात सोडतात. डोक्याकडचा दोर रक्ताच्या सर्वांत जवळच्या पुरुषाचा.

"तोंड आवर, लाखलन," टॉर्कल म्हणाला.

"आणि ते कोठार कुणी पेटवलं रे मग? तुझ्याच खापरपणजोबानं!"

टॉर्कलच्या पायांत अर्धी कातरलेली मेंढी होती. तिला सोडून तो उठला आणि कातर लाखलनच्या जबड्याखाली खुपसली. मी टॉर्कलचा दंड धरला. त्याने कोपर मारून माझे दोन दात पाडले आणि दुसरा वार छातीत केला. लाखलन लोकरीच्या ढिगावर पडला. लोकर रक्त पीत राहिली. टॉर्कल त्याच्याकडे बघत उभा होता, हात कोपरापर्यंत लाल.

"हा माझा कुणी नाही," एवढंच तो पोलिसांना म्हणाला.

चार दिवसांनी लाखलनची बायको एफी आमच्या दारात आली. कुणी कुठला दोर धरायचा त्याच्या चिठ्ठ्या आमच्याकडे वाटतात; तिच्या हातात एक नंबरच्या, म्हणजे डोक्याकडच्या दोराची चिठ्ठी, नावाची जागा कोरी.

"त्याचं जवळचं रक्त तुम्हीच. तुमचं तोंड बघायची इच्छा नाही माझी. पण दोर धरा."

मी धरला. मॅकफेल मंडळींपैकी एकजण माझ्या बुटांवर थुंकला. मी दोर सोडला नाही.

लाखलन मॅकफेल शुक्रवारी, ८ जुलै २०११ रोजी मेला. माझा भाऊ टॉर्कल १९ फेब्रुवारी २०१४ रोजी तुरुंगात मेला. त्याचाही डोक्याकडचा दोर मीच धरला.