ऊनाची जिग

बासरी मधेच थांबली. आईचा हात मोहफुलांवर तसाच राहिला.

"पुष्पे, आयकू येऊन राहिलं का तुले?"

"नाही."

सालेकशाच्या जंगलात अजून नीट उजाडलंही नव्हतं. बाबा नेहमीसारखा पुढच्या मोहाच्या झाडाखाली गेला होता. मोहफुलं माणसाला हवीत तशी अस्वलालाही हवीत, आणि माणूस अचानक समोर आला की अस्वल सोडत नाही. म्हणून आवाज करत जायचं. दुसरे लोक डबे बडवतात, खोकतात, शिव्या घालतात. आमचा बिसराम बाबा मात्र आयरिश जिग वाजवायचा! गावानं काय कमी हसून घेतलं?

ही सगळी ऊनाची करणी. आयर्लंडची ही पोरगी बऱ्याच वर्षांपूर्वी फुलपाखरांचा अभ्यास करायला आली, एक उन्हाळा आमच्याकडे राहिली, आणि जाताना आपली पत्र्याची बासरी बाबाच्या हातात ठेवून गेली. बाबा गुरं राखताना बांबूची बासरी वाजवायचा, त्यामुळे तिची जिग त्यानं पटकन उचलली. त्यांच्याकडची नाचाची धून ती. दोन तुकडे, प्रत्येक दोनदा, की पुन्हा पहिल्यापासून. नाचणारे थकेपर्यंत थांबायचं नाही, असं ऊनानं बजावलं होतं. आई वैतागायची. "एकच एक काय लावलं वो! डोकं उठलं माहं." पण कान त्या धुनेवर ठेवूनच ती फुलं वेचायची. धून चालू आहे म्हणजे माणूस धड आहे.

यंदा बाबाच्या छातीत दम उरला नव्हता. नको जाऊस, म्हणून मी किती विनवलं. ऐकेल तर तो बिसराम कसला!

आणि त्या सकाळी धून दुसऱ्या तुकड्यात, अधेमधेच तुटली. मागच्या साली शालीकरामकाकाला अस्वलानं फाडलं होतं, तो चेहरा मी पाहिला होता.

"आई, गावातून माणसं आणू."

"तवर काय होईन त्याईचं?"

ती उठली. हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि बाहेर आली ती जिग. डिडल-डाई, डिडल-डाई. हाताशी बासरी नसली की ऊना तोंडानं अशीच म्हणायची. जिथं तुटली होती तिथूनच आईनं ती धरली आणि चालू लागली. आवाज फाटका, कापरा, पण ताल पक्का. मी मागून तिचा पदर धरला. एवढी मोठी बाई मी, पण धरला.

पळसाच्या झुडपात काहीतरी हललं. आई थांबली नाही, उलट तिनं आवाज चढवला. एक काळं धूड फुरफुरत उतारानं खाली गेलं.

बाबा मोहाला टेकून बसला होता. कुठं लागलं नव्हतं. बासरी ओठाला होती, पण फुंकायला वाराच नव्हता. डोळ्यांतून नुसतं पाणी.

"जमुने, पुरतच नाई वो आता दम."

"मंग सांगाचं नाई का! मी मेली असती ना भेवानं," म्हणत आईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवसापासून आई पुढं जाते, बाकीच्या बाया तिच्या मागं. मी बाबाजवळ थांबते. तो दारात बसतो. बासरी ओठाला लावत नाही, नुसती हातात धरतो. जंगलातून आईचा आवाज येतो तशी त्याची बोटं भोकांवर फिरतात.

आज दुसऱ्या तुकड्यात आवाज ऐकू येईनासा झाला.

"दूर गेली असन, बाबा."

"हो. दूरच गेली असन."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुष्पे," तो म्हणाला, "तुह्या मायनं इतले वर्सं हे कसं आयकलं असन वो?"

आम्ही दोघं जंगलाकडे कान लावून बसलो. त्याची बोटं, धून तुटली होती तिथंच, थांबून होती.