तिसरा फ्लास्क निघाला नाही

मित्रांनो, मला स्वस्थ बसायला सांगू नका. मी थांबलो की समजावं, काहीतरी बिनसलंय. जयपूरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतला मी जुना शेकर. माझ्या पाठीवरच्या क्लॅम्पमध्ये काचेचे फ्लास्क अडकवायचे आणि मी ते अखंड गोल गोल डुलवायचे, एवढंच माझं काम.

नवा होतो तेव्हा माझ्यासाठी नारळ फुटला होता. पाहुणे आले की आधी मला दाखवत. मग नवी यंत्रं आली, मी खिडकीपाशी सरकलो. माझ्यावर कुणी चहाचे कप ठेवले, कुणी हेल्मेट. एक क्लॅम्प गंजून घट्ट बसला. तो बदलायला कुणाला सवड झाली नाही.

तिथून मला अश्लेषानं उचललं. रेल्वेवाल्यांची ही नागपुरी पोर, वडिलांच्या बदलीमुळे जयपुरात वाढलेली, नुकतीच पीएच.डी. झालेली. साबण करणाऱ्या एका कंपनीनं तिला तरुण संशोधकांची फेलोशिप दिली होती. एकाच वर्षाची, दुसरं वर्ष काम बघून. जवळच्या बगरू गावात ठशांनी छापलेलं कापड धुतल्यावर जे रंगीत पाणी उरतं, त्यातला रंग खाणारे जिवाणू तिला सापडले होते. तीन फ्लास्क, चाळीस दिवस. तिन्हींत रंग उतरला तरच गोष्ट खरी.

फेलोशिप वाढली की पहिला नवा शेकर येणार, हे तिनं अर्जात लिहिलं होतं, तेही माझ्याच पाठीवर कागद ठेवून. तरी मी डुलत राहिलो. मला दुसरं येतं काय?

एकोणचाळिसावा दिवस रविवार होता. सोमवारी कंपनीची माणसं येणार, म्हणून ती वडिलांना झाडलोटीला घेऊन आली आणि तक्ते छापून आणायला गेली. दशरथजी रेल्वेचे डबे दुरुस्त करण्यातून निवृत्त झालेले. साहेबांचं इन्स्पेक्शन म्हणजे दिसेल ते चकाचक करायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. फरशी झाली, नळ झाले. मग त्यांनी माझं बटण बंद केलं.

मित्रांनो, ती शांतता मला अजून सोसत नाही.

दोन फ्लास्क रिकामे झाले, घासले गेले, उपडे पडले. तिसरा गंजक्या क्लॅम्पमध्ये होता. तो काढायचा पीळ फक्त अश्लेषाच्या हाताला ठाऊक. दशरथजींनी ओढून पाहिलं आणि नाद सोडला.

ती परत आली. "बाबा, फ्लास्क?"

"वाळत घातले न. केवढी घान होती त्यात. आता पाह्य, आरशासारखी काच."

"मतलब... ओतलं?"

"काऊन? ठेवायचं होतं?"

ती स्टुलावर बसली. मग हात लांबवून तिनं मला सुरू केलं. दशरथजी तिसऱ्या फ्लास्ककडे बोट करून हळूच म्हणाले, "याच्यातलंच थोडं थोडं त्या दोघांत ओत न, बेटा. कोनाले समजते?"

"मला समजतंय ना, बाबा."

"अन् वर्ष गेलं तर?"

तिनं उपडे फ्लास्क उचलून कपाटात ठेवले. मी डुलत होतो, बस.

सोमवारी कंपनीच्या रुचिता मॅडमनी अश्लेषानं पीळ देऊन काढलेला तिसरा फ्लास्क उजेडात धरला. रंग उतरून पाणी फिक्या चहासारखं झालेलं. "बाकीचे दोन?"

अश्लेषानं सगळं सांगितलं. "चिठ्ठी लावायला हवी होती. ती चूक माझी."

दारात इस्त्रीच्या शर्टात उभे असलेले दशरथजी जमिनीकडे बघत होते.

"आमच्या कारखान्यातही तपासणीच्या आदल्या दिवशी हेच होतं," मॅडम म्हणाल्या. "पण एका फ्लास्कवर मी वर्ष नाही देऊ शकत. चार महिने देते. पुन्हा करा. नवं यंत्र आत्ता नाही."

दुसऱ्या दिवशी दशरथजी तेलाची बुधली घेऊन आले. माझे सांधे पुसले, तेल दिलं. गंजक्या क्लॅम्पला मात्र त्यांनी हात लावला नाही. भिंतीवर ठसठशीत अक्षरांत पाटी लावली: 'काम चालू है. पहले पूछिए.'

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूला तेल जरूर द्या, पण घासायच्या आधी विचारा, तिच्यात कुणाचं काय चाललंय. आणि नव्या माणसाला हात देणार असाल, तर त्याचा प्रयोग पुरा होईल इतका वेळ द्या.

आज पुन्हा चौतिसावा दिवस आहे. तीन फ्लास्क पाठीवर आहेत. मी थांबलेलो नाही.