सात बादल्या, दोन वाफे

प्रणोतीचं पत्र पाच महिने श्रीकांत पिंगळ्यांच्या शब्दकोशात दबून होतं. कधीकाळची त्यांची ही विद्यार्थिनी आता शहराजवळच्याच पनागर गावातल्या एका शाळेत शिकवायची. 'सर, तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहिते. शाळेच्या कपाटात टीव्हीला जोडायचा जुना कॉम्प्युटर सापडलाय, तुमच्याकडे आहे तस्साच. कंपायलर कुठला घेऊ? एकतीस मार्चच्या आत मुलांचा प्रोग्राम चालला नाही, तर हेडसर तो भंगारात देणार. प्रोग्राम सोबत जोडलाय.'

एवढंसं काम. मुलांनी लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर सुचवायचा. पण आपण सांगू आणि चुकेल, ही धास्ती श्रीकांतरावांच्या पाचवीलाच पुजलेली. त्यांच्याकडे दोन कंपायलर होते. कॅसेटवरून चढवून ते दोघांनाही मूळ संख्या शोधायला लावत, सेकंद मोजत, तक्ते भरत. एक विजेसारखा पळे, दुसरा बैलगाडी. तरी मन एकावर ठरेना. आज सव्वीस मार्च. कॅसेट पुन्हा अर्ध्यावर अडली, तसा त्यांनी टेबलावर हात आपटला.

"काहून आपटून राहिले?" त्यांच्या पत्नी शरयूताई आतून आल्या. "पोरीनं एक नाव विचारलं, तुम्ही पीएचडी करून राहिले!"

"चुकीचं सांगितलं तर?"

"नाहीच सांगितलं, तर भंगारवाला सांगेल." त्यांनी पत्र उचललं. "अच्छा, हा पोरांचा प्रोग्राम चालवून पाहिला?"

श्रीकांतरावांनी आपले तक्तेच पुढे सरकवले.

"म्हणजे पाच महिने आपलीच गणितं! चलो, मी वाचते, तुम्ही टाइप करा."

अकरा ओळींचा प्रोग्राम. शाळेच्या भाजीच्या वाफ्यांना पाणी वाटून देणारा. सात बादल्या, दोन वाफे. विजेसारख्या कंपायलरनं क्षणात सांगितलं: तीन.

"अन् उरलेली बादली कोण प्यालं?"

त्याला अपूर्णांक येत नाहीत, हे तक्त्यात होतं. मुलांना ते लागतील, हे डोक्यात आलं नव्हतं.

बैलगाडीनं वेळ घेतला. चहा निवला, तेव्हा पडद्यावर साडेतीन उमटले.

'हळू आहे, पण हाच घे,' त्यांनी लिहिलं. कारणं लिहायला दुसरा कागद ओढला, तर शरयूताईंनी पेनच काढून घेतलं. पाकिटात श्रीकांतरावांनी त्या कंपायलरची आपल्याजवळची एकुलती एक कॅसेट घातली.

घराजवळच्या ओमती भागातल्या पोस्टात त्यांनी चाचरत विचारलं, "भैया, इकतीस से पहले पहुँचेगा ना?"

"दादा, पनागर है, लंदन नहीं. कल मिल जाएगा."

श्रीकांतरावांनी मान डोलावली. पाकिटावरचं त्यांचं बोट मात्र क्लार्कलाच हलकेच बाजूला करावं लागलं.