नथूच्या मडक्यातली स्ट्रॉबेरी

कुरवंड्याच्या नथूची गोष्ट सांगितली की लोक हसतात. हसोत बापडे. पस्तीस साली मी तिथं हजर होतो, आणि ज्यांना ही थाप वाटते ते तेव्हा जन्मलेही नव्हते.

नथूची लेक सरू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती नवरात्रातच, पाचव्या महिन्यात. आल्या आल्या म्हणाली, "आई, मला त्ये लाल फळ खायचंय." गेल्या थंडीत लोणावळ्याला दूध घालायला गेली असताना एका बंगल्याच्या व्हरांड्यात तिनं एका मडमेला सायीत बुडवून स्ट्रॉबेरी खाताना पाहिलं होतं. आता गर्भारशीचे डोहाळे अपुरे राहिले तर पोराची जन्मभर लाळ गळते, हे कुरवंड्यात कुणालाही विचारा. सरूची आई कस्तुराबाई नवऱ्याला म्हणाली, "फळ आणा, न्हाईतर नातवाची लाळ तुमीच पुसत बसा."

थंडी अजून लांब होती, बाजारात फळ कुठलं? शेवटी त्याच बंगल्याच्या माळ्यानं, राजमहंमदनं, नथूला बारा रोपं दिली. "आत्ता लावलीस तर संक्रांतीनंतर फळ मिळेल," म्हणाला.

भाताच्या आवणीत, म्हणजे रोपं चिखलात लावण्यात, नथूचा हात साऱ्या मावळात कुणी धरत नसे. तो इतका झरझर लावायचा, की पुढचं रोप खुपसेपर्यंत मागचं निसवून लोंबीवर आलेलं असायचं. त्यानं अंगणात गुडघाभर चिखल केला, चार-चार रोपांचे चूड करून अंगठ्यानं पार गळ्यापर्यंत दाबले आणि बांध घालून पाणी कोंडलं. एक रोप तेवढं हातातून निसटून बाजूला पडलं. कस्तुराबाईनं ते उचललं, एका गळक्या मडक्यात माती नि शेणखत भरून त्यात लावलं आणि मडकं ओट्यावर ठेवलं.

आठ दिवसांनी राजमहंमद आला आणि बघतच राहिला.

"नथूभाऊ, हा काय आंबेमोहोर आहे?"

"का? पानी कमी पडलं व्हय?"

"अरे, रोपाचा मधला कोंब मातीच्या वर राहायला हवा. तो गाडलास की कुजला! मुळांना ओल पाहिजे, तळं नव्हे."

अकराच्या अकरा रोपं कुजली होती. मडक्यातलं मात्र टवटवीत होतं.

"हे कुणी लावलं?"

"म्या," कस्तुराबाई म्हणाली.

"मग मावशी, आता नथूभाऊला याला हात लावू देऊ नका."

नथूकडं उरली फक्त राखण. पौषात पांढरी फुलं आली, फळं धरली आणि बुलबुलांनी एक सोडून सगळी फस्त केली. उरलेलं मातीला टेकू नये म्हणून कस्तुराबाईनं त्याच्याखाली पेंढा सारला. नथूनं त्या एका मडक्याशेजारी सहा हात उंच माळा बांधला, बुजगावणं उभं केलं आणि गोफण घेऊन वर जाऊन बसला. बुलबुलावर भिरकावलेला त्याचा एक धोंडा गावामागच्या नागफणी डोंगराच्या सुळक्याला लागला. सुळका तेव्हापासून तिरका आहे, जाऊन बघा.

सरूचे दिवस भरत आले. फळ टोकाकडून लाल झालं, देठाकडं पांढरंच.

"तोडू का?" नथू माळ्यावरून रोज विचारी.

"खांद्यापर्यंत लाल होऊ दे," राजमहंमद म्हणे. "एकदा तोडलं की पुढं गोडी भरत नाही."

"फळ थांबंल रं राजभाई. पोर थांबंल का?"

सरूला पहिली कळ आली त्याच सकाळी फळ देठापर्यंत लालबुंद झालं. सगळी आळी अंगणात जमली. सरूनं डोळे मिटून अर्धं फळ दातानं तोडलं.

"कसं हाय?" नथूनं विचारलं.

"आंबट. मंग गोड." उरलेलं अर्धं तिनं आईपुढं धरलं. "माझ्या येळी तुझं डोहाळं कुनी पुरवलं गं?"

"खा गप. मला कसलं आल्यात डोहाळं?"

"काय हवं हुतं तुला तवा?" हा नथू.

"अठरा वर्सांनी इचारताय व्हय?" कस्तुराबाईनं ते अर्धं फळ तोंडात टाकलं आणि सावकाश चघळलं. "टेसनावरचं बिस्कूट हवं हुतं. साखर लावल्यालं."

दुपारपर्यंत सरूला मुलगा झाला. तोंड असं कोरडं ठणठणीत, की सुईण म्हणाली, "याला आधी पानी पाजा." नथूला मात्र ते पाहायला मिळालं नाही. डोक्याला मुंडासंही न बांधता तो केव्हाच लोणावळ्याच्या टेसनाकडं पळत सुटला होता.