पंचवीसशे सीसीची घाटी

शिवाने टायर पाहिले नाहीत, बॅटरी पाहिली नाही. तो सरळ गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि बंपरवर मूठ आपटून बघू लागला. उजव्या हाताची मूठ, तिच्यात तीनच बोटं.

"पिकअप घेतोयस की झुंजीचा रेडा?" आत्माराम हसला. अलोऱ्याच्या रस्त्याला त्याचं जुन्या गाड्यांचं आवार होतं.

"हिला फुडं लोखंडी गार्ड बसंल?"

"बसंल की. पण वाहायचंय काय तुला?"

"चिरे."

"चिरे मागं भरतात रे बाबा."

शिवा हसला नाही. त्याची बायको चिमा मागे उभी होती. तिनेही तो बंपर पाहिला. माणसाच्या गुडघ्याच्या जरा वर येत होता.

आवारात दोनच गाड्या त्यांच्या कामाच्या होत्या. पांढरी छोटी, सातशे सीसीची, दोन सिलिंडरची. निळी मोठी, पंचवीसशेची. आत्माराम दोन्हींच्या मधे उभा राहून सांगू लागला, "छोटीत निम्मे चिरे भर, दोन फेऱ्या मार. घाटीच्या वळणावर दम खाईल, तापेल, घटकाभर थांबावं लागंल. मोठी पोटभर खाऊन चढंल. तिचा हँडब्रेक तेवढा सैल हाय, तो मी आवळून देईन."

"थांबनार नाय ना मधी?"

"तू थांबवल्याबिगर नाय."

"मंग हीच."

"अवो, छोटी बरी," चिमा म्हणाली.

"तुला काय कळतंय गो इंजिनातला?"

"इंजिनातला नाय कळत. तुमच्यातला कळतंय."

शिवाने तिच्याकडे असं पाहिलं की आत्मारामने उगाच बॉनेट उघडलं.

वाडीतली सगळी नवी घरं चिऱ्याची, तांबड्या जांभ्या दगडाची. मुंबईला कामाला असलेले पुरुष गावी घर बांधायचे. चिरे पलीकडच्या सड्यावरच्या खाणीतून यायचे, पऱ्ह्या म्हणजे खालचा खोल ओढा ओलांडायचे आणि घाटी चढायचे. घाटीच्या मध्यावर केसाच्या आकड्यासारखं वळण. त्या वळणाला शिवाचा चुलतभाऊ दीपक राहायचा.

दीपक मुंबईला असताना रस्ता रुंद झाला. त्याच्या बापाने लावलेल्या काजूंची अख्खी रांग शिवाने उभं राहून तोडून घेतली. भावाला विचारलं नाही, साधा फोन केला नाही. दीपक गावी आला, तोडलेल्या खुंटांवर बसून राहिला आणि परत मुंबईला गेलाच नाही. मग एके दुपारी शिवाचा जुना टेम्पो वळणावर तापून थांबला. दीपक अंगणातून उतरला तो कोयता घेऊन. शिवाचा हात खिडकीच्या काठावर होता. पहिला घाव पत्र्यावर बसला, दुसरा हातावर. ब्रेक सुटला, टेम्पो मागे मागे जात कडेवरून पऱ्ह्यात कोसळला, आणि शिवा उडी टाकून वाचला. त्याची दोन बोटं चिमाने पाचोळ्यातून वेचली. मुंग्या लागल्या होत्या.

पोलीस आले, गेले. बोटं काही परत चिकटली नाहीत. तेव्हापासून शिवा एकच म्हणायचा, "इंजिन मोठा असता तर गाडी थांबली नसती." लोकांना वाटायचं, हा चिऱ्यांचं बोलतोय. त्याच्या तोंडून त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग फक्त चिमाला ऐकू यायचा. गाडी थांबली नसती, आणि पुढे कोणी उभा असता तरी थांबली नसती.

गाडी घेण्याआधी तिला घाटी दाखवायची, ही वाडीची रीत. गाडीत भार भरायचा, घरच्या बाईने नारळ ओटीत घेऊन पुढे बसायचं. गाडी एका दमात वर पोचली तर माथ्यावर नारळ फुटतो आणि गाडी घरची होते. मधेच थांबली तर नारळ अख्खा परत येतो, गाडीही परत जाते. मग तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही, भाव करायचा नाही. आत्मारामला हे ठाऊक होतं. चिरे भरून झाल्यावर त्याने किल्ली शिवाला दिली आणि घाटीच्या पायथ्याशी सावलीत बसला. हँडब्रेक आवळायचा राहून गेला होता.

ऊन चिऱ्यावर पडलं होतं आणि चिऱ्याचं लाल उन्हावर. गाडी सुटली. काय ताकद होती! चढ जणू तिच्याकडेच पळत येत होता. चाकांखालचे खडे बंदुकीसारखे उडत होते. शिवाच्या गळ्याची शीर तटतटली होती आणि ओठांवर हसू होतं, लग्नानंतर चिमाने न पाहिलेलं. ओटीतला नारळ थरथरत होता. तिला वाटलं, पोटात मूल असतं तर असंच थरथरलं असतं.

वळण आलं. दीपकने इंजिन ऐकलं होतं. तो रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला. अंगात बनियन, हातात कोयता.

"अवो, ब्रेक मारा."

शिवाने गिअर खाली घेतला. गाडीने हुंकार भरला.

"अवो!"

"आज नाय थांबत ती."

दीपकही हलत नव्हता. अंतर तुटत चाललं, नवऱ्याच्या डोळ्यांत समोरचा माणूस मोठा मोठा होत गेला. चिमाने स्टिअरिंगला हात घातला असता तर गाडी पऱ्ह्यात गेली असती. ओरडली असती तर आवाज इंजिनाने खाल्ला असता. तिने ओटीतला नारळ खिडकीबाहेर काढला आणि जीव खाऊन पुढे फेकला.

नारळ रस्त्यावर आदळला, टणकन उडाला आणि घरंगळत चाकासमोर आला.

माणसावर गाडी घालायला निघालेल्या शिवाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. न फुटलेल्या, देवाला न दाखवलेल्या नारळावरून चाक नेणारा माणूस त्या वाडीत जन्मला नव्हता. गाडी कचकन थांबली. इंजिन बंद पडलं. बंपर आणि दीपकचा गुडघा यांच्यात एक वीत उरली.

क्षणभर फक्त तापलेल्या लोखंडाचं टिकटिकणं.

मग शिवाने हँडब्रेक ओढला, सीटखालची लोखंडी कांब, टॉमी, उचलली आणि दार लाथेने उघडलं. "तुज्या आयला, दीप्या!"

पहिला फटका दीपकच्या खांद्यावर बसला, हाड बोललं. कोयता शिवाच्या कानाला चाटून गेला, कानाची पाळी लोंबू लागली. दोघे एकमेकांना भिडले, चावले, मातीत लोळले. लहानपणी एकाच ताटात जेवलेली तोंडं एकमेकांवर रक्त थुंकत होती. टॉमीचा फटका मनगटावर बसला तसा कोयता उडाला. शिवा दीपकच्या छातीवर बसला आणि टॉमी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली.

तेवढ्यात मागे कर्र आवाज झाला.

सैल हँडब्रेकने भार सोडला होता. गाडी हळूच मागे सरकू लागली, पऱ्ह्याच्या कडेकडे, आत चिमासकट. तिच्या बाजूचं दार दगडी बांधाला घासत होतं, उघडत नव्हतं.

"वयनी!" ओरडला तो दीपक. त्याने शिवाला अंगावरून भिरकावलं, बांधावरचा एक चिरा उचलला आणि धावत जाऊन मागच्या चाकाखाली कोंबला. चाक चिऱ्यावर चढलं, चिरा फिरला, आणि चिऱ्यासोबत दीपकचं पाऊल घोट्यापर्यंत चाकाखाली गेलं.

गाडी थांबली. दीपकची किंकाळी घाटीभर गेली, झाडांवरचे कावळे उठले.

चिमा ड्रायव्हरच्या दाराने उतरली. शिवा गाडीच्या मागे उभा होता, टॉमी हातात, कानातून रक्त. खाली दीपक चाकाला जखडलेला, माती उकरत होता.

टॉमीची आता गरजच नव्हती. शिवाला ते कळलं. तसं कळताना चिमाने त्याचं तोंड पाहिलं. त्याने टॉमी टाकली आणि तो गाडीत जाऊन बसला. चावी फिरवली. पंचवीसशे सीसी एका हाकेत जागं झालं. पुढे घेतली तर पाय सुटणार. नुसता ब्रेक सोडला तर गाडी आपोआप मागे जाणार होती, आणि चढावर असं होतं, गाडी मागे सरते, कोणी काही बोललं नसतं.

चिमा दीपकशेजारी बसली. चाकाला पाठ लावली, पदराने त्याच्या तोंडावरचं रक्त पुसलं.

"वयनी, उठ थितनं," दीपक दातांतून म्हणाला. "तो मागं घेनार."

"घेऊ दे."

तिने मान वळवून गाडीच्या बाजूच्या आरशात पाहिलं. आरशात शिवाचे डोळे होते.

"अवो," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. जात्यावर बसल्यासारखी मांडी घातली होती तिने. "मी हितं बसलंय हा. कसा घ्यायचा तसा घ्या."

इंजिन गुरगुरत राहिलं. धूर तिच्या केसांतून गेला. टायरचं गरम रबर पाठीला चिकटत होतं. एकदा गाडी कणभर मागे हलली, तिच्या पाठीचा मणका वाकला, दीपकने डोळे मिटले. मग शिवाच्या घशातून जनावरासारखा आवाज निघाला आणि इंजिनाने तो आपल्या आवाजात घेतला. गाडी पुढे झेपावली. चाक पावलावरून उतरलं. पाऊल होतं तिथे, पण पावलासारखं राहिलं नव्हतं.

चिरे शिवा आणि चिमाने तिथेच ढकलून दिले आणि दीपकला त्याच गाडीत निजवून खाली नेलं. शिवा चालवत होता आणि रडत होता. मागे दीपक चिमाच्या मांडीवर डोकं ठेवून त्याला शिव्या घालत होता, चिपळूण येईपर्यंत.

नारळ अख्खा परत आला होता. मोठी गाडी आत्मारामकडे परत गेली. त्याने फक्त मागचं चाक धुऊन घेतलं.

आता वाडीत पांढरी छोटी गाडी चिरे वाहते. निम्मा भार, दोन फेऱ्या. वळणावर ती तापते आणि थांबते. शिवा खाली उतरून बॉनेट उघडतो, पाठ दीपकच्या अंगणाकडे करून. दीपक पडवीत बसलेला असतो, एकच पाय धड. कोयता आजही शेजारी असतो. उठायला त्याला काठी लागते, आणि तो उठत नाही.

चिमा तेवढा वेळ आत बसून राहते. कधी कधी ओठांतल्या ओठांत गुणगुणते. जात्यावरची चाल आहे, शब्द तिचेच:

घाटीच्या वळणाला गाडी माझी घेई दम
तिच्या गं दमापाशी बसला थकून यम

मग इंजिन निवतं. शिवा बॉनेट लावतो. निघताना आरशात एकदा मागे बघतो, चाकाशी कोणी नाही ना म्हणून.