सिद्रामप्पांचा अर्धा किलो

मी अर्धा किलो बोलतोय. पितळेचा, गोल, डोक्यावर चिमटीत धरण्यापुरती बोंडी. लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेत सिद्रामप्पांच्या किराणा दुकानात माझी उमेदीची वर्षं गेली.

मालक सच्चा माणूस. मालकीण शरणम्मा तर माझी भक्तच. दर खंडेनवमीला चिंच लावून मला इतकं घासायची, की माझ्यात तोंड दिसावं. मग विभूती, फुलं, नारळ. मीही लाडावून बसायचो. त्या लाडानंच मी झिजत चाललो होतो, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं.

त्यांची लेक शिवकन्या वजनमाप खात्यात निरीक्षक झाली. उमरी, भोकर अशी गावं करत बदलीवर लातूरला आली. बाजारात तपासणीचं शिबिर लागलं, तेव्हा सिद्रामप्पांनी मला मोठ्या ऐटीत तिच्यापुढं ठेवलं. तिनं मला सरकारी वजनासमोर तोललं. माझं पारडं वर गेलं. तिनं पारडी पुसून पुन्हा तोललं. पुन्हा तेच.

सगळा बाजार बघत होता. मला वाटलं, घालेल पोटात, बापाच्या अब्रूचा प्रश्न आहे. पण तिनं छिन्नीनं माझ्यावर फुली मारली आणि मला बाद केलं. सिद्रामप्पांनी त्या दिवसापासून लेकीशी अबोला धरला. मी देवघराच्या कोनाड्यात जाऊन पडलो.

शिवकन्या मात्र वशिल्याला भीक न घालता नांदेड-लातूर करत मोठी अधिकारी झाली. पेट्रोल पंप असो की सोनाराचा काटा, तिनं कुणाची गय केली नाही. मला तिचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा. निवृत्त झाल्यावर लोकांनीच तिला महापालिकेला उभं केलं.

चौकातल्या सभेत विरोधकानं टोमणा मारला, की जिनं बापाला सोडलं नाही ती तुम्हाला काय सोडणार. गर्दीतून म्हातारे सिद्रामप्पा काठी टेकत उठले. कोनाड्यातून खिशात घालून आणलेल्या मला काढून त्यांनी वर धरलं.

"हाव, न्हाई सोडलं मला. माझं माप कमी होतं, मलाच ठावं नव्हतं. लेकीनं दाखिवलं. मी तिलाच मत देणार हाय."

त्या संध्याकाळी ती माहेरच्या दारात अवघडून उभी राहिली. सिद्रामप्पा म्हणाले, "आत ये माय. भाकर गरम हाय." ती तिथंच रडली.

ती निवडून आली, महापौर झाली. पाण्याच्या टँकरच्या पाळीत तिनं स्वतःच्या गल्लीचा नंबरही पुढं सरकू दिला नाही. आता ती माजी महापौर आहे, सिद्रामप्पा नाहीत आणि मी तिच्या टेबलावर असतो.

मला पुन्हा तराजूत घालू नका, मी कमीच भरेन. वाटलं तर घासून लख्ख करा, पण अंगावरची फुली पुसू नका. ती शिवकन्येच्या हातची आहे.